शिंपल्यांची रांग

एका गावात, जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे, एक मुलगी राहत होती. तिचे नाव शेवंती. ती सातवीत शिकत होती. ती विंचवाला भीत नसे, अंधाराला भीत नसे. भीत असे ती फक्त गणितातल्या शाब्दिक उदाहरणांना.

नुसते आकडे असले की तिला काही वाटत नसे. गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, सगळे तिला येत असे. पण आकड्यांभोवती गोष्ट आली, कुणी हौद भरू लागले, कुणी कुंपण घालू लागले, कुणी गावाहून चालत निघाले, की तिच्या पोटात गोळा येई. फळ्यावरची अक्षरे मुंग्यांसारखी हलू लागत.

भित्र्या माणसाला युक्ती लवकर सुचते. शेवंतीलाही सुचली. गोष्ट वाचायचीच नाही! आकडे तेवढे उचलायचे आणि खुणेचा एखादा शब्द शोधायचा. 'मिळून' दिसले की बेरीज. 'उरले' दिसले की वजाबाकी. 'दर' दिसले की भागाकार. डोळे मिटून ओढा ओलांडावा तशी ती उदाहरणावरून उडी मारी आणि पलीकडे उत्तर घेऊन उभी राही.

बहुतेक वेळा उत्तर बरोबर येई. मुले म्हणत, "शेवंतीचं उत्तर म्हणजे गरम घावन. तव्यावरून थेट पानात!" गावातल्या बायकाही कौतुक करू लागल्या. तिची भीती कुणाला दिसली नाही.

दिसली ती फक्त शाळेतल्या सारंग गुरुजींना. एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिले: देवळाची ओवरी दहा हात लांब आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दर दोन हातांवर एक समई ठेवायची आहे. समया किती लागतील?

शेवंतीने 'दर' पाहिले आणि हात वर केला. "पाच!"

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी जमिनीवर खडूने एक रेघ ओढली, दोन दोन हातांवर खुणा केल्या आणि तिच्या ओंजळीत पाच शिंपले दिले. "ह्या तुझ्या समया. ठेव बघू."

शेवंती या टोकापासून शिंपले ठेवत गेली. पाचवा शिंपला ठेवला तरी रेघ संपली नव्हती. शेवटच्या खुणेवर ठेवायला हातात काही उरले नाही.

"ते टोक अंधारात राहिलं की नाही?" गुरुजी म्हणाले. "अगं, आधी गोष्ट वाचावी. मग विचारलंय काय ते वाचावं. आकड्यांना हात शेवटी. आणि उत्तर आलं की ते पुन्हा त्या गोष्टीत नेऊन ठेवावं. सासरी गेलेली लेक नीट नांदते का, हे आपण बघून येतो ना? तसं उत्तर नांदतं का ते बघून यावं."

मुले हसली. शेवंतीही हसली, पण वरवर. मनात म्हणाली, 'गोष्ट वाचायला गेले तर भीतीने आकडेही विसरतील. त्यापेक्षा आपली युक्तीच बरी.' पुढच्या उदाहरणाला तिने पुन्हा उडी मारली. ते उत्तर नेमके बरोबर आले, आणि समईची गोष्ट ती विसरून गेली.

आता त्या गावाचा एक नेम ऐका. किनाऱ्यापासून आत, समुद्रात एक बसका खडक होता. त्या खडकावर देवीचा शेंदूर लावलेला पाषाण होता. ओहोटीला खडकापर्यंत दगडावाळूची वाट उघडी पडे. भरती आली की आधी वाट बुडे, मग पाषाण बुडे, आणि पूर्ण भरतीला पाण्यावर फक्त निशाणाची काठी दिसे. देवी रोज समुद्रस्नान करते, असे लोक हात जोडून सांगत.

वरच्या आळीतल्या बायका मार्गशीर्षात दर रविवारी या देवीची पूजा करीत. पण वार पडला एक आणि भरती चालते तिथीच्या तालावर. त्यामुळे प्रत्येक रविवारी पाण्याची वेळ निराळी येई. कधी जायचे, कधी उठायचे, हे एक म्हातारे तांडेल आजोबा सांगत. सगळे आयुष्य त्यांचे होडीवर गेले होते. बायकांना समुद्र माहीत होता तो ओट्यावरून दिसे तेवढाच. आजोबा म्हणाले उठा, की त्या उठत.

त्या रविवारी आजोबा तापाने फणफणले होते. डोळे उघडत नव्हते. पुरुष माणसे होड्या घेऊन समुद्रावर गेलेली. बायका पूजेची ताटे घेऊन अंगणात जमल्या आणि एकमेकींकडे पाहू लागल्या.

"आता गं कुणाला विचारायचं?"

"आपल्या शेवंतीला विचारा की! गणितात कुणाला ऐकते का ती?"

शेवंतीची मथूकाकू या सगळ्यांत व्रताची जाणती. कहाणी तीच सांगे. तिने हाक मारली, "शेवंते, आज वद्य चतुर्थी. पाण्याचा हिशेब कर बाई. आम्ही देवीपाशी केव्हापर्यंत बसावं?"

इतक्या बायका, इतकी ताटे, आणि सगळे डोळे तिच्याकडे. तिने कानात शिरले त्यातले एवढेच उचलले: पाणी, चतुर्थी. आजोबांचा ठोकताळा तिला पाठ होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन.

"तीन वाजता भरती!" ती म्हणाली.

"बघा! तव्यावरून थेट पानात," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. मथूकाकूने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "म्हणजे बाराला उठलो तरी काळजी नाही. निवांत पूजा होईल, निवांत कहाणी होईल."

सकाळी आठच्या सुमारास त्या निघाल्या. वाट कोरडी होती. भागूआजी काठी टेकत चालल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखत आणि जीभ मात्र कधी दुखत नसे. शेवंतीची धाकटी बहीण बकुळ वाटेभर शिंपले वेचत होती. खडकावर पोचल्यावर तिने पाण्याच्या कडेपासून वर देवीच्या दिशेने शिंपल्यांची एक रांग मांडली. "ताई, ह्या माझ्या समया," ती म्हणाली. ताईची फजिती तिने शाळेत ऐकली होती.

पूजा झाली. फुले वाहिली, नैवेद्य दाखवला, आरती झाली. मग सगळ्याजणी मुठीत अक्षता घेऊन कहाणीला बसल्या. कहाणीचा नियम कडक. मुठीतल्या अक्षता कहाणी संपल्यावर वाहायच्या. तोवर बोलायचे नाही, उठायचे नाही. अर्ध्या कहाणीतून उठणे म्हणजे देवीच्या तोंडावर दार लावणे.

मथूकाकू सांगू लागली. एक राणी होती. तिने वैभवाच्या भरात वसा टाकला. मग तिच्यावर दिवस फिरले. अंगावरची वस्त्रे जीर्ण झाली, दारचे हत्ती गेले, आणि ती रानोमाळ फिरू लागली.

बकुळ शेवंतीच्या कानाशी आली. "ताई, माझा शिंपला गेला."

"गप्प बस."

राणी एका नदीवर गेली. नदीने तिला पाणी दिले नाही.

"ताई, आणखी एक गेला."

भागूआजींनी डोळे वटारले. बकुळ गप्प झाली. शेवंतीने मान वळवून पाहिले. रांग तोकडी झाली होती. पाणी आवाज न करता वर आले होते. ती पाहत होती तेवढ्यात एक बारीक लाट आली आणि कडेचा शिंपला घेऊन गेली. नंतर दुसरी आली, ती तेवढ्यावर थांबली नाही.

शेवंतीला वर्गातली खडूची रेघ आठवली. अंधारात राहिलेले ते टोक आठवले. उत्तर नांदतं का ते बघून यावं, असे गुरुजी म्हणाले होते.

पहिल्यांदाच तिने आपले उत्तर उचलले आणि गोष्टीत नेऊन ठेवले. तीन वाजता भरती. बरे, तीन वाजता हा खडक कुठे असेल? पाण्याखाली. देवी? पाण्याखाली. आणि वाट? वाट तर खडकाहूनही खाली!

काकूने विचारले होते, केव्हापर्यंत बसावं. भरती पूर्ण केव्हा होते, हे कुणी विचारलेच नव्हते.

आता तिने गोष्ट सुरुवातीपासून वाचली. पाणी तळाला जाते आणि माथ्याला येते, त्यात सहा तासांचे अंतर. माथा तीनला, म्हणजे तळ नऊला. वाट ना तळाशी, ना माथ्याशी. ती मध्यावर. मग पाणीही मध्यावर आले की सगळी वाट बुडणार. नऊ आणि तीन यांचा मध्य बारा.

बारालाच तर त्या निघणार होत्या.

आणि पाण्याचा स्वभाव असा, की सुरुवातीला ते दबकत येते आणि मध्यावर धावत सुटते. शेवंतीने वाटेकडे पाहिले. मधल्या खळग्यात पाणी चमकत होते.

आता सांगावे तर कसे? कहाणी मोडली तर देवी कोपेल. नाही मोडली तर पाणी थांबणार नाही. आणि सगळ्या बायकांपुढे म्हणायचे, की मी चुकले! क्षणभर तिला वाटले, गप्प बसावे. कदाचित पाणी आज उशिरा चढेल. कदाचित आणखी कुणाला दिसेल. मुठीतल्या अक्षता घामाने भिजून तळहाताला चिकटल्या.

बकुळ हळूच म्हणाली, "ताई, आता एकच राहिला."

शेवंती उभी राहिली.

"बस खाली!" भागूआजी कुजबुजल्या. "काय लागली असेल ती दाबून धर. कहाणी चाललीये."

"काकू," शेवंती म्हणाली. "माझं उत्तर चुकलं."

मथूकाकू थांबली. कहाणीत ती आजवर कधी थांबली नव्हती. "काय चुकलं?"

"भरती तीनलाच आहे. पण तुम्ही ते विचारलंच नव्हतं. बाराला सगळी वाट बुडते, मधला खळगा त्याआधीच. आपण बाराला निघालो तर..." तिने वाटेकडे बोट केले.

मथूकाकूने शिंपल्याकडे पाहिले. मग वाटेकडे पाहिले. मग घड्याळाकडे. सव्वाअकरा झाले होते. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"उठा," ती म्हणाली. "ताटं राहू देत. अक्षता मुठीत धरा. कहाणी मोडायची नाही. मी चालता चालता सांगते, तुम्ही चालता चालता ऐका."

"अगं, चालत कुणी कहाणी ऐकलीये का?" भागूआजी म्हणाल्या.

"आजी, तिच्याच पाण्यातून चाललोय. तिला ऐकू येईल."

बायका निघाल्या. एकीने दुसरीचा पदर धरला, दुसरीने तिसरीचा. पुढे मथूकाकू, शेवटी भागूआजी आणि त्यांच्याजवळ शेवंती, कडेवर बकुळ. पाणी आधी पावलांना लागले. मग घोट्यांना. ते थंड होते आणि बाजूने ओढत होते. पायाखालची वाळू सरकत होती, जसे कुणी खालून मुठीमुठीने काढून घेत आहे.

पुढून काकूचा आवाज येत होता. "मग राणी... जपून, डावीकडे दगड आहे... मग राणी एका म्हातारीच्या झोपडीत गेली. म्हातारीनं विचारलं, बाई गं बाई, तुझ्यावर अशी वेळ का आली?"

खळगा आला. पाणी गुडघ्यावर चढले, मग कमरेला लागले. बकुळने ताईच्या गळ्याला मिठी मारली. मागून, खडकाच्या कडेला राहिलेले कुणाचे तरी पूजेचे ताट तरंगत आले, गिरकी घेऊन बाजूने निघून गेले. एक तरुण सून रडू लागली. काकूने मागे न बघता आवाज चढवला. "राणी म्हणाली, मी वसा टाकला! म्हातारी म्हणाली, टाकलेला वसा उचलता येतो. उचल!"

तेवढ्यात भागूआजींची काठी निसटली. काठी वाहून गेली. आजी एका बाजूला कलल्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्या बाईला कधी शब्द कमी पडला नाही, ती नुसती डोळे मोठे करून पाहत होती.

शेवंतीच्या एका हातात बकुळ होती. दुसरी मूठ मिटलेली. तिने मूठ उघडली. अक्षता पाण्यात गेल्या. तिने आजींचे मनगट पकडले आणि आपल्याकडे ओढले. आजींच्या वजनाने तिचा पाय घसरला, पुन्हा टेकला. "आजी, माझ्या खांद्यावर टेका. काठी समजा मला."

पुढची वाट चढाची होती. पाणी कमरेवरून मांडीवर आले, मांडीवरून गुडघ्यावर. आणि एकदाची पायाला किनाऱ्याची घट्ट वाळू लागली.

मथूकाकू वळून उभी राहिली. तिने एकेकीकडे बोट करत सगळ्या मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाली, "आणि राणीला तिचं सगळं परत मिळालं. जसं तिला मिळालं, तसं सगळ्यांना मिळो. कहाणी सुफळ संपूर्ण."

बायकांनी खडकाच्या दिशेने अक्षता टाकल्या. शेवंती रिकामा हात पाहत उभी राहिली. तिला हुंदका आला. "काकू, माझ्या अक्षता वाटेतच सांडल्या."

काकूने तो ओला हात आपल्या हातात घेतला. "सांडल्या कशाला? आमच्या आता पोचतील. तुझ्या कधीच पोचल्या."

कुणी घरी गेले नाही. सगळ्या ओल्या लुगड्यांनिशी वाळूवर बसून राहिल्या. बघता बघता वाट गेली. बकुळचा शेवटचा शिंपला होता तिथे पांढरा फेस आला. जिथे त्या बाराला चालत असणार होत्या, तिथे लाटा एकमेकींवर आपटत होत्या.

पुष्कळ वेळाने भागूआजींना शब्द सापडला. "शेवंते," त्या म्हणाल्या, "तीन वाजले का गं?"

कुणीतरी खुदकन हसले. मग सगळ्याच हसल्या आणि हसता हसता रडल्या.

संध्याकाळी शेवंती काकूजवळ येऊन बसली. "काकू, मला गोष्टीतल्या गणितांची फार भीती वाटते. म्हणून मी ती वाचतच नाही." हे तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते.

काकूने देवापुढची वात सारखी केली. "मग तू एक वसा घे. रोज एक कठीण उदाहरण. सोपं नाही, ज्याला पाहून पोटात गोळा येतो तेच. आधी गोष्ट नीट वाचायची, विचारलंय काय ते बघायचं, मगच आकड्याला हात लावायचा. आणि उत्तर आलं की बघून यायचं, नांदतं का."

"आणि उद्यापन कधी?"

"उद्यापनाची घाई असलेल्यांनी वसा घेऊ नये," काकू म्हणाली.

शेवंतीने वसा घेतला. पहिल्या दिवशी एका उदाहरणाला तिला सगळी संध्याकाळ लागली, आणि तरी ते चुकले. तिने पुन्हा गोष्ट वाचली, शिंपले मांडले, चूक शोधली. दुसऱ्या दिवशी दुसरे घेतले. कधी येई, कधी न येई. वर्गात तिचा हात आता सगळ्यांत आधी वर जात नसे. मुले चिडवू लागली, "शेवंते, तवा थंड पडला वाटतं!" ती म्हणे, "कच्चं घावन वाढण्यापेक्षा बरं."

तांडेल आजोबा बरे होऊन ओट्यावर बसू लागले होते. पुढच्या रविवारी सकाळी बायका त्यांच्या अंगणात जमल्या. आजोबा म्हणाले, "मी सांगेन, पण आधी तिला विचारा."

शेवंतीच्या पोटात पुन्हा गोळा आला. पण या वेळी तिने उडी मारली नाही. ती म्हणाली, "काकू, तुमचा प्रश्न मला परत एकदा सांगा." तो तिने नीट ऐकला. मग अंगणातल्या मातीवर रेघांनी खडक काढला, वाट काढली, पाणी काढले, आणि भागूआजींना चालायला किती वेळ लागतो तेही धरले. उत्तर आले तेव्हा ते गोष्टीत ठेवून पाहिले. नांदत होते.

आजोबांनी मान हलवली. बायकांनी ताटे उचलली. त्या दिवशी कहाणी बसून ऐकली, अक्षता देवीच्या पायांवर वाहिल्या, आणि सगळ्या कोरड्या पायांनी घरी आल्या.

सोमवारी सारंग गुरुजींनी विचारले, "काय शेवंती, भीती गेली का?"

"नाही गुरुजी," ती म्हणाली. "अजून येते. पण ती आली की आता मी पळत नाही. गोष्ट परत वाचते."

तात्पर्य: कठीण उदाहरणाला भिऊन घाईने उत्तर देऊ नये, आधी विचारले काय आहे ते समजून घ्यावे, आलेले उत्तर ताडून पाहावे, आणि चूक दिसताच ती धीराने बोलून दाखवावी. असा सराव जो नेमाने करतो, त्याची भीतीच त्याला सावध ठेवते आणि पार नेते.